रात्री साडेनऊचं इंजेक्शन

(फ्रिजचं दार उघडतं)

बडोद्याचा दांडिया बाजार. कोथिंबिरीची जुडी, श्रीखंडाचा डबा आणि त्यामागे औषधाचं पेन. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारासाठी (आयव्हीएफ) या घरच्या सूनबाई गेले दहा दिवस रोज ते पोटावर टोचून घेताहेत. सुई कशी धरायची हे त्यांना दाखवलं होतं. त्यानं शरीरात काय घडतं, हे त्यांना स्वतःहून विचारावं लागलं. ते आधी सांगायला हवं होतं.

(झोपाळ्यावर आजी मटार सोलताहेत)

मेंदूच्या तळाशी अशाच एका दाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यातून एफएसएच हे हार्मोन निघतं, त्यावर बीजांडातली (म्हणजे ओव्हरीतली) फॉलिकल, बीज सांभाळणाऱ्या पाण्याच्या बारीक पिशव्या, वाढतात. वाढली की त्यांच्यातून इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन पाझरतं आणि पिट्युटरीला सांगतं, आता पुरे. एफएसएच उतरतं. तेवढ्यावर एकच फॉलिकल तगतं, बाकीची सुकतात. रोजच्या इंजेक्शनात एफएसएचच असतं; ते ही उतरण होऊ देत नाही.

(सोनोग्राफीचा पडदा)

म्हणून आज इथे एकाऐवजी हे अकरा काळे गोल.

पण तेच इस्ट्रोजेन खूप वाढून दोनेक दिवस टिकलं, की ‘पुरे’चं ‘अजून आण’ होतं. पिट्युटरी एलएच या आणखी एका हार्मोनचा लोंढा सोडते आणि सुमारे ३६ तासांत बीज बाहेर पडतं. एकच हार्मोन, दोन उलट हुकूम! शूटिंगभर मला याचंच नवल वाटत राहिलं. हा लोंढा अवेळी येऊ नये म्हणून सहाव्या दिवसापासून दुसरी सुई.

(पुन्हा आजी)

आजींच्या वयात बीजांडं उत्तर देत नाहीत. मग पिट्युटरी आवाज चढवते. एफएसएच, एलएच लघवीतूनही भरपूर जातं. अनेक वर्षं हे औषध पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीतूनच काढत. तेच वापरून कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी एकापेक्षा जास्त बीजं वाढवली, गर्भ गोठवून ठेवला, आणि ३ ऑक्टोबर १९७८ रोजी दुर्गा, भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, जन्मली. सरकारी समितीनं त्यांचं म्हणणं मानलं नाही. १९८१ मध्ये ते गेले. १९९७ मध्ये वैज्ञानिक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी त्यांच्या नोंदी तपासून श्रेय मुखोपाध्यायांचंच असल्याचं जाहीर केलं. मुखोपाध्यायांचा फोटो आम्ही मुद्दाम जरा जास्त वेळ ठेवला आहे.

या उपचारात धोकाही आहे: बीजांडं फार फुगून पोटात पाणी साठू शकतं, आणि दर खेपेला गर्भ राहतोच असं नाही.

(सूरसागर तलावाचे दिवे. मोबाइलचा गजर)

आता शेवटची सुई, बीजं पिकवून सोडवणारी ‘ट्रिगर’. यात एचसीजी आहे. गरोदरपणातलं हे हार्मोन एलएचशी इतकं मिळतंजुळतं, की बीजांड त्यालाच एलएच समजतं. इथून ३६ तास. बीजं काढायची वेळ परवा सकाळी साडेनऊ.

सूनबाई पेनला टोपण लावतात आणि वहीत लिहितात: रात्री ९.३०.