घरात राजकारणावर भांडण हवं

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझा विषय 'तंत्रज्ञान आणि कुटुंब' असा छापलाय. एवढा मोठा विषय मला झेपणार नाही, म्हणून मी त्याचं एकच टोक धरणार आहे. तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये नातेवाइकांचा एखादा व्हॉट्सॲप ग्रुप असेल. आणि त्यावर कधी ना कधी एक फर्मान निघालेलं असेल : 'कृपया राजकीय पोस्ट टाकू नयेत.' माझं आजचं बोलणं या फर्मानाच्या विरोधात आहे. घरात राजकारणावर भांडण व्हायला हवं. हसताय, पण मी हे गंभीरपणे म्हणतोय.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. गच्चीवर अँटेना फिरवणारा एक आणि खिडकीतून 'आलं, आलं... गेलं!' म्हणून ओरडणारा दुसरा, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. त्या आठवणींत मी शिरत नाही. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे. बातम्या तेव्हा संपायच्या. साडेसातचं बातमीपत्र ठरल्या वेळी आटोपायचं आणि त्यावर मत द्यायला पडद्यावर कोणी नसायचं. मत द्यायचं काम घरातल्यांचं. आजोबा समाजवादी, काका संघाचे, वडील काँग्रेसला मत देऊन गप्प बसणारे, अशी घरं महाराष्ट्रात पुष्कळ होती. बातमी सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच शब्दांत ऐकलेली असायची. वाद व्हायचा तो तिच्या अर्थावर.

ती बातमी सरकारी असायची, हे मान्य. 1977 च्या निवडणुकीआधी दिल्लीत रामलीला मैदानावर विरोधकांची सभा होती. लोक घरातच बसावेत म्हणून दूरदर्शनने त्या संध्याकाळी 'बॉबी' लावला, असं तेव्हापासून बोललं जातं. सभेला गर्दी झाली ती झालीच. म्हणजे प्रेक्षक भोळे नव्हते. हे सरकारचं खोकं आहे, हे त्यांना ठाऊक होतं. 'हे लेकाचे खोटं बोलतायत' असं त्या खोक्याला उद्देशून म्हटलं तर घरात कोणाला वाईट वाटत नसे. निवेदिका काही आपली आत्या नव्हती.

आता मुद्द्यावर येतो. आज बातमी आत्याच पाठवते. मामा पाठवतात, मेव्हणा पाठवतो, निवृत्त झालेले मोठे काका सकाळी सहालाच फुलांच्या फोटोबरोबर पाठवतात. ती खोटी आहे असं म्हटलं की त्याचा अर्थ होतो, काका खोटं बोलतात. भाचीने मामाला असं चारचौघांत म्हणायचं? मग ती डोकं चालवते आणि दोन हात जोडलेली इमोजी टाकते. मामांना वाटतं, पटलं. खोट्या बातमीला नात्याचं असं चिलखत मिळतं. आपल्या घरांत फोनने जे काही बदललं, त्यात हा बदल मला सर्वांत मोठा वाटतो. स्क्रीन टाइम वगैरे फार पुढच्या गोष्टी.

याची किंमत आपल्या राज्यानं मोजली आहे. 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याचे संदेश त्या सुमारास सगळीकडे फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, पोट भरण्यासाठी फिरणारे पाच जण जमावाच्या हाती सापडले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारून टाकण्यात आलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं जाहीर केलं. बरं केलं. पण तसले संदेश पाठवणारे सगळे काही दुष्ट नव्हते. 'पोरांना सांभाळा' असं कळवळून सांगणारी ती कोणाची तरी मावशी असेल, कोणाचा तरी शेजारी असेल. तिला 'मावशी, हे तुला कोणी सांगितलं? त्याला कोणी सांगितलं?' एवढं विचारणारं माणूस घरातच असायला हवं होतं. कंपनीला ते कसं विचारता येणार?

आणि भांडणाची आपली भूक गेली म्हणावं तर तसंही नाही. संध्याकाळी चॅनेलवर सहा चौकटींत सहा जण ओरडतात आणि आपण जेवता जेवता बघतो. ते ओरडणं पगारी आहे. त्यांच्यातला एकही ब्रेकनंतर 'हां, हे मात्र तुझं बरोबर' असं म्हणत नाही. म्हणाला तर उद्या त्याला बोलावणार नाहीत.

घरातल्या वादात जी गोष्ट असते ती स्टुडिओत कधीच नसते. घरात पुरावा असतो. लाडकी बहीण योजनेचंच घ्या. काका ग्रुपवर लिहितात, फुकट वाटून राज्य भिकेला लावणार. त्याच घरात सुनेच्या खात्यात महिन्याला 1500 रुपये येतात. तिला ते पहिल्यांदाच कोणापुढे हात न पसरता मिळालेत. काकांचा तिजोरीचा प्रश्न खोटा नाही आणि तिचा अनुभवही खोटा नाही. हे दोघं एका टेबलाशी बसून बोलले, तर त्या योजनेबद्दल दोघांनाही चॅनेलपेक्षा जास्त कळेल. पण ती ग्रुपवर अंगठा दाखवून गप्प बसते आणि काकांना वाटतं, घर आपल्या बाजूने आहे.

घरं फुटतील अशी भीती असते. 2024 च्या लोकसभेला बारामतीत नणंद-भावजय समोरासमोर उभ्या होत्या आणि विधानसभेला काका-पुतण्या. त्यांचं पुढे काय, ते त्यांचं ते बघतील. तिथे सत्ता पणाला होती. तुमच्या-माझ्या घरात पणाला काय असतं? फार तर रविवारचं जेवण. माझ्या पाहण्यात भाऊ बोलेनासे झाले ते जमिनीच्या वाटणीवरून. मतदानावरून झालेले मला तरी भेटलेले नाहीत.

माझी सूचना साधी आहे. ग्रुपवर उत्तर देऊ नका, फोन करा. लिहिलेलं सगळे वाचत असतात, त्यामुळे माघार घेता येत नाही. फोनवर काका 'बरं बरं, बघतो' म्हणू शकतात, आणि त्यांच्या वयात ती पुष्कळ मोठी माघार असते.

एका ताईंची चिठ्ठी आली आहे : 'नवीन लग्न झालेल्या सुनेने सासरी हे भांडण कसं करायचं?' प्रश्न नेमका आहे. मी मघापासून ज्या वादाचं कौतुक करतोय तो पुरुषांचा होता. बायका स्वयंपाकघरातून ऐकत होत्या आणि चहा पाठवत होत्या. तेव्हा ताई, पहिल्या वर्षी पक्षांची नावं घेऊ नका. सिलिंडरच्या दरापासून सुरुवात करा. तिथे सासूबाई तुमच्या बाजूने असण्याची शक्यता बरीच आहे.