मोठ्या नदीतला कार्प: जागा आणि चारा

नमस्कार, श्रोतेहो. तळ्यावर हमखास कार्प मासा काढणारा गळवाला मोठ्या नदीवरून मात्र हात हलवत परततो, असं पुष्कळदा होतं. गळ तोच, चारा तोच. फरक असतो पाण्याचा. तळ्यातला चारा टाकला तिथं राहतो, नदी तो वाहून नेते. म्हणून नदीवर आधी हे शोधायचं, की नदी स्वतः खाणं कुठं आणून टाकते. वाहत येणाऱ्या अळ्या, गोगलगायी, बिया धार मंदावली की तळाला बसतात. कार्प तिथंच चरतो, कारण भर धारेत पोहत राहिला तर खाल्लेलं सगळं पोहण्यातच खर्ची पडतं.

अशा जागा काठावरून दिसतात: वळणाची आतली बाजू, बेटाचं खालचं टोक, पुलाच्या खांबामागचं पाणी, उपनदीचं मुख, आडवं पडलेलं झाड. माझ्या मते सगळ्यांत भरवशाची जागा म्हणजे जोराची धार आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातात ती रेघ. फेस आणि पानं तिच्यावरूनच ओळीनं जाताना दिसतात. उजाडताना तासभर नुसतं बघत बसा. कार्प पाण्याबाहेर उसळतो, आपटतो. चरत असला तर बारीक बुडबुडे येतात, पण वर येईपर्यंत धार त्यांना खाली नेते. मासा त्यांच्या थोडा वरच्या अंगाला असतो.

मग तळ चाचपायचा. दोऱ्याला गळ न लावता ८०-९० ग्रॅमचं शिसं बांधा, फेका, टेकू द्या आणि रीळ (दोरा गुंडाळायची चकरी) न फिरवता गळाच्या काठीनंच हळू ओढा. गाळात शिसं रुततं, जड लागतं, मग एकदम सुटतं. वाळूवर अलगद सरकतं. गोट्यांवर काठीच्या टोकाला टकटक येते. सलग खरखर लागली आणि दोरा बोटांतून फिरवल्यावर खरवडलेला जाणवला, तर खाली शिंपले असण्याची शक्यता मोठी. ही जागा सोडू नका. कार्पचे दात तोंडात नसून घशात असतात आणि कवच तो त्यांनीच फोडतो. मात्र शिंपला दोरा कापतो, म्हणून शेवटचे काही मीटर जाड दोरा हवाच. विणलेल्या दोऱ्यानं तळ हाताला स्पष्ट कळतो. नायलॉन ताणला जातो, निम्मंच सांगतो.

चाऱ्याला मका उत्तम. २४ तास भिजवा, अर्धा तास उकळा, त्याच पाण्यात निवू द्या. दाणा नखानं दाबून बघा. साल फुटून आतून मऊ लागला पाहिजे, मध्ये कोरडा पांढरा गाभा राहिला तर पुन्हा उकळा. अर्धकच्चा दाणा माशाच्या पोटात फुगतो आणि त्याला इजा करतो. दोन-तीन दिवसांत येणारा आंबूस वास चालतो, बुरशी चालत नाही.

आता वाहण्याचा हिशोब. काठानं १० मीटर मोजा आणि पान सोडा. त्याला २० सेकंद लागले, तर धार सेकंदाला अर्धा मीटर. दाण्याला तळ गाठायला १५ सेकंद लागत असतील, तर तो धारेबरोबर साडेसात मीटर खालच्या अंगाला जाऊन पडणार. तळाशी धार मंद असते, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. तेवढं धारेच्या वरच्या अंगाला टाका. बहुतेकांचा चारा इथंच फुकट जातो: चारा एकीकडे, गळ दुसरीकडे.

गळ टाकण्याआधी तीन दिवस, रोज त्याच वेळी, २ किलो शिजलेला मका टाका. ढीग नको. धारेच्या दिशेनं १०-१२ मीटरचा पट्टा करा, म्हणजे खालून येणारा मासा दाणे टिपत वर सरकतो. पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर दोन मुठी पुरे. थंडीत कार्प फार कमी खातो आणि उरलेला चारा तळाशी कुजतो. छोटे मासे मका संपवत असतील, तर गळाला पीठ आणि अंडी मळून उकडलेली २० ते २४ मिलिमीटरची कडक गोळी लावा. गोल गोळी धारेत गडगडते, म्हणून मोकळी टाकायच्या गोळ्या अर्ध्या कापा.

गळ टाकताना शिसं मात्र १५० ते २०० ग्रॅमचं, चपटं. काठीचं टोक उंच ठेवा, म्हणजे दोऱ्याचा कमी भाग पाण्यात राहतो आणि वाहता कचरा कमी अडकतो. ताणलेला दोरा अचानक सैल पडला, तर बहुधा माशानं शिसं उपटून खाली आणलेलं असतं. लगेच सैल दोरा गुंडाळा आणि काठी उचला.

संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवा. सकाळी ती वीतभर पाण्यात गेलेली दिसली, तर कालच्या पट्ट्यावर हटून बसू नका. पाणी चढलं की कार्प काठाच्या बुडालेल्या गवतात शिरतो. गळ तिथं, अगदी पायांजवळ टाका, आणि मका मूठभरच.