परतीच्या वाटेएवढे अंतर

मित्रहो, चाळीसएक वर्षे गडकोट हिंडल्यामुळे मला एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि करोनानंतर तो जरा जास्तच गंभीरपणे विचारला जाऊ लागला आहे. उद्या वीज, बाजार, सरकार असे सगळेच कोलमडले, तर आपली माणसे घेऊन तुम्ही कोणत्या गडावर जाल? विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ताशीव कडे, एकच दरवाजा आणि वर मोकळे पठार असते. जगभरचे धनाढ्य लोकही याच हिशेबाने न्यूझीलंडमध्ये जागा शोधू लागले होते. तिथल्या सरकारने २०१८ मध्ये बहुतेक परदेशी नागरिकांना राहती घरे विकत घेण्यास बंदी घातली. त्याचे मुख्य कारण घरांच्या वाढलेल्या किमती हे होते, हे मात्र सांगितले पाहिजे. दूर, उंच आणि अवघड म्हणजे सुरक्षित, हे समीकरण आपण फार लवकर मान्य करतो. आज मला ते तपासायचे आहे.

सुरुवात पाण्यापासून करू. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, आणि झरा असला तरी त्यावर निश्चिंत न राहता टाकी खोदावीत, असे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र या मराठेशाहीतल्या राज्यकारभाराच्या ग्रंथात बजावले आहे; लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो, हे कारणही त्यांनी दिले आहे. आवाजाने झरे आटतात की नाही हे बाजूला ठेवा, पण संकटाच्या काळात खर्च वाढतो हे निरीक्षण अस्सल आहे. आता हिशेब करा. चाळीस माणसे, माणशी रोज २० लिटर, म्हणजे पिणे, स्वयंपाक, भांडी आणि जेमतेम अंघोळ. ऑक्टोबर ते मे असे २४० दिवस. एकूण १ लाख ९२ हजार लिटर. त्यासाठी ८ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल टाके काठोकाठ भरलेले हवे, तेही बाष्पीभवन आणि गळती शून्य धरून. उघड्या टाक्यातले पाणी उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत हातभर तरी उन्हानेच खाली जाते. म्हणून आपल्या जुन्या पाथरवटांनी कड्याच्या पोटात खांबटाकी कोरली. मे महिन्यात अशा एखाद्या टाक्याच्या तोंडाशी बसून पाहा: आत अंधार, भिंतीवर छिन्नीचे तिरके घाव, आधीच्या पातळ्यांच्या पांढुरक्या रेघा एकीखाली एक, आणि तळाशी हंडा बुडेल न बुडेल एवढे गार पाणी. ती सगळ्यांत खालची रेघ किती खाली आहे, यावर त्या गडाची खरी शिबंदी, म्हणजे वर टिकू शकणारी माणसे, ठरते.

धान्याचा हिशेब याहून कठोर आहे. माणशी रोज अर्धा किलो धरले, तर चाळीस जणांना वर्षाला ७३ क्विंटल धान्य लागते. डोंगरउतारावर नाचणी बरी पिकली तर हेक्टरी दहाएक क्विंटल होते, आणि वरकस, म्हणजे हलकी उताराची, जमीन दोन-तीन वर्षे पिकवली की निदान दुप्पट काळ पड टाकावी लागते. म्हणजे पेरायला सात-आठ हेक्टर आणि तेवढ्याच्या दुप्पट विश्रांतीला. असा माथा असलेले गड बोटांवर मोजण्याइतके. त्यातही मीठ कोणत्याच डोंगरावर पिकत नाही. ते कोकणातल्या मिठागरांतून बैलांच्या पाठीवर घाट चढून वर येत असे. गड स्वयंपूर्ण होते हा आपला गोड गैरसमज आहे. ते घेऱ्यातल्या गावांवर जगत, आणि गावे घाटवाटांवर.

पण पाणी, जमीन, हवामान असे सगळे जमले तर? तशी एक निवड इतिहासात खरोखर झाली आहे. १७८९ च्या एप्रिलमध्ये दक्षिण पॅसिफिकमध्ये बाउंटी या ब्रिटिश जहाजावर बंड झाले. बंडखोरांचा म्होरक्या फ्लेचर ख्रिश्चन याला पक्के ठाऊक होते की आरमार शोध घेणार आणि सापडलो तर फास. तुबुआई बेटावर वस्तीचा प्रयत्न स्थानिकांशी झालेल्या लढायांमुळे फसला. मग त्याने पिटकेर्न निवडले. १७६७ मध्ये कार्टरेट या दर्यावर्दीने ते पाहिले होते: निर्मनुष्य, झाडीने भरलेले, गोडे पाणी असलेले, आणि लाटांमुळे उतरायला अवघड. त्यावर कळस म्हणजे नकाशात त्याचे रेखांश सुमारे ३ अंशांनी चुकलेले होते. लपायला याहून चांगली जागा सांगता येणार नाही. १७९० च्या जानेवारीत ते तिथे पोहोचले आणि जहाज जाळून त्यांनी परतीची वाटच मिटवली.

माणसे होती नऊ बंडखोर, सहा पॉलिनेशियन पुरुष आणि डझनभर बायका. जमीन नऊ गोऱ्यांनी आपसांत वाटून घेतली. पॉलिनेशियन पुरुषांना काहीच मिळाले नाही. गोऱ्यांना प्रत्येकी एक बायको, तर त्या सहांमध्ये मिळून तीन. पुढे एका बंडखोराची बायको कड्यावरून पडून मेली, तेव्हा त्याने एका पॉलिनेशियन पुरुषाची बायको हिसकावली. १७९३ मध्ये ख्रिश्चनसह पाच बंडखोर मारले गेले, पाठोपाठ सगळे पॉलिनेशियन पुरुषही गेले. उरलेल्या चौघांपैकी एकाने तिथल्या कंदाची दारू गाळायला घेतली आणि अखेर आपला जीव दिला. दुसऱ्याला इतर दोघांनी कुऱ्हाडीने मारले. तिसरा दम्याने गेला. १८०८ मध्ये एक अमेरिकन जहाज योगायोगाने तिथे आले, तेव्हा एकच बंडखोर जिवंत होता, भोवती बायका आणि मुले. अन्नाची ददात नव्हती, शत्रू आला नव्हता, आणि पंधरा पुरुषांपैकी चौदा संपले होते. जागेची निवड बिनचूक होती, एवढे मात्र मान्य करावे लागते.

त्या बेटावर त्यांना दगडी मूर्ती आणि हत्यारे सापडली होती. आधी तिथे पॉलिनेशियन लोक राहत, आणि मांगारेवा बेटाशी त्यांची देवाणघेवाण चाले: इकडून हत्यारांचा दगड, तिकडून शिंपले. ती थांबल्यावर वस्ती टिकली नाही, असे पुरातत्त्वज्ञ मानतात. म्हणजे हा निर्वासितांचा स्वर्ग एकदा आधीच ओस पडलेला होता. १८३१ मध्ये पाण्याच्या चिंतेने बंडखोरांच्या वस्तीतल्या सगळ्यांना ताहितीला नेले, तर तिथल्या रोगांनी डझनभर माणसे गेली आणि बाकीचे परत आले. एकांतात वाढलेल्या शरीराला गर्दीतला साधा आजारही झेपत नाही.

स्कॉटलंडच्या पश्चिमेचे सेंट किल्डा बेट हेच दुसऱ्या बाजूने सांगते. १७२७ मध्ये तीन पुरुष आणि आठ मुलगे पक्षी पकडायला शेजारच्या एका खडकावर सोडले गेले. मागे गावात देवीची साथ आली आणि इतकी माणसे मेली की त्यांना आणायला होडी वल्हवणारे हातच उरले नाहीत. ते अकरा जण पक्ष्यांवर नऊ महिने जगले. आणि १९३० च्या ऑगस्टमध्ये उरलेल्या ३६ रहिवाशांना त्यांच्याच विनंतीवरून बेटावरून हलवावे लागले. दुष्काळ नव्हता, धडधाकट माणसांची संख्या एका मर्यादेखाली गेली होती, एवढेच.

आपल्याकडे प्लेगच्या साथींत लोक गाव मोकळे करून रानात खोपटी घालून राहत. ते फार लांब जात नसत. आपलीच विहीर, आपलेच शेत, हाकेच्या अंतरावर भाऊबंदांची खोपटी, आणि साथ ओसरली की घरी. मला हे अंतर शहाणपणाचे वाटते.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर. मी गडाच्या माथ्यावर जाणार नाही; पायथ्याच्या, घाटवाटेवरच्या, पन्नास-साठ उंबऱ्यांच्या गावात जाईन, आणि तेही जिथे आजपासून माझी ओळख असेल तिथेच, कारण कोसळल्यानंतर दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाला कोण कशाला घरात घेईल? गाव निवडताना पावसाळ्यातली हिरवळ पाहू नका. मेच्या शेवटच्या आठवड्यात जा, पहाटे पाणवठ्यावर उभे राहा, आणि हंडा भरायला आलेल्या बाईला विचारा की मावशी, हे पाणी कधी आटलेले आठवते का, आणि आटले तेव्हा तुम्हाला कोणत्या गावाने भरू दिले.