कालव्याकाठची चिंध्यांची शाळा

पूर्व लंडनच्या माइल एंड भागात, रीजंट्स कालव्याच्या अगदी काठाला, विटांच्या जुन्या गोदामांची एक रांग उभी आहे. मालाच्या साठवणीसाठी बांधलेल्या या इमारतींत १८७७ साली टॉमस बार्नार्डो यांनी मोफत शाळा सुरू केली आणि पुढे ती लंडनमधली सर्वांत मोठी ‘रॅगेड स्कूल’ ठरली. रॅगेड म्हणजे चिंध्या ल्यालेला; अंगावर धड कपडा नाही म्हणून इतर शाळा ज्यांना दारात उभे करत नसत, त्या मुलांवरून पडलेले हे नाव.

बार्नार्डो मूळचे डब्लिनचे. वैद्यकीचे शिक्षण घेऊन धर्मप्रसारासाठी चीनला जायचे, या इराद्याने ते १८६६ मध्ये लंडनला आले; पण त्याच वर्षी पूर्व लंडनमध्ये कॉलऱ्याने हजारोंचा बळी घेतला, अनेक मुले उघड्यावर पडली आणि चीनचा बेत मागे राहिला.

१८७० मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला होता, मग अशा शाळेची गरज का उरली? कारण साधे होते. नव्या सरकारी शाळांतही बहुतेक ठिकाणी दर आठवड्याला काही पेनी फी द्यावी लागे, आणि गोदीत रोज मिळेल त्या कामावर ज्यांची चूल पेटे, त्यांना तेवढेही जड जाई. इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षण बव्हंशी निःशुल्क झाले ते १८९१ मध्ये. या शाळेत फी नव्हती, शिवाय खायला मिळे. मुलांना वर्गाकडे ओढून आणण्यात धड्यांपेक्षा या जेवणाचाच वाटा मोठा असावा, असे आम्हांला वाटते.

१९०८ मध्ये शाळा बंद झाली. पुढे पाडकामाच्या बेतातून स्थानिक रहिवाशांनी ही वास्तू वाचवली आणि १९९० मध्ये येथे संग्रहालय उघडले.

आत त्या काळचा एक वर्ग पुन्हा मांडला आहे: लाकडी बाके, काळा फळा आणि प्रत्येकासमोर दगडी पाटी. शाळकरी मुलांची सहल आली की जुन्या वेशातल्या बाई धडा घेतात. घोकंपट्टी एका सुरात चालते. वही महाग, म्हणून सारे लेखन पाटीवरच. लिहायचे, तपासून घ्यायचे आणि पुसून टाकायचे. त्यामुळे या इमारतीत शिकलेल्या हजारो मुलांच्या हातचे अक्षर पाटीवरच उमटले आणि पाटीवरच पुसले गेले.