भूमिका एक, भाषा दोन

(विदर्भातल्या नवोदित अभिनेत्रींपुढे नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, १९३२ साली 'प्रभात'ने 'अयोध्येचा राजा' काढला, तेव्हा डबिंगची सोय नव्हती. तारामती झालेल्या दुर्गा खोटे यांनी तीच भूमिका मराठीत केली आणि हिंदीतही केली. पुढे १९८२ मध्ये 'उंबरठा' आला. त्याच्या 'सुबह' या हिंदी आवृत्तीतही स्मिता पाटीलच होत्या. 'सैराट'मधली आर्ची रिंकू राजगुरूने २०१७ मध्ये कन्नड 'मनसु मल्लिगे'त पुन्हा उभी केली. मराठी अभिनेत्रीच्या वाट्याला दुसरी भाषा पहिल्यापासूनच आली आहे. नागपूरच्या मुलीला तर ती शोधायला कुठे जावंही लागत नाही. घरात मराठी असते आणि बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, उतरलं की हिंदी.

हे भांडवल आहे, पण त्याची मशागत करावी लागते. 'जग' हा शब्द घ्या. दुनिया या अर्थाचा 'जग' आणि 'जगून घे' मधला 'जग', दोन्हींतला ज वेगळा. 'चार'चा च निराळा, 'चाकू'चा निराळा. सतत हिंदी बोलून हा फरक पुसट होतो. समोरासमोर बोलताना तो खपून जातो, क्लोजअपमध्ये उघडा पडतो. त्यावर उपाय साधा आहे. रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त च, ज, ळ, ण एवढ्याच अक्षरांकडे लक्ष द्या. सगळ्या चुका एकदम धरायला गेलात तर एकही सुधारत नाही.

आता बोली. 'विदर्भाकडची भाषा हवी' असा निरोप आला की आधी विचारा, कुठली? अकोला-अमरावतीची वऱ्हाडी, नागपुरी की पूर्व विदर्भातली झाडीबोली? वऱ्हाडीत डोळ्याचा 'डोया' होतो, झाडीबोलीत ळच्या जागी र येतो, आणि 'करून राहिली' हे आपल्या नागपूरचं. तिन्हींची भेळ करून बोललेलं पात्र कुठल्याच गावचं राहत नाही. आपली बोली फक्त हसवायला किंवा मोलकरणीच्या तोंडी घालायला वापरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. रागावणारी, प्रेम करणारी, कोर्टात साक्ष देणारी बाई याच बोलीत बोलते. तुम्ही ऑडिशनसाठी उतारा निवडाल तेव्हा असाच निवडा.

झाडीपट्टीतून, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातल्या रंगभूमीवरून, आलेल्या मुलींचा पाया पक्का असतो. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की रात्र-रात्र नाटक चालतं. आवाज मंडपाच्या शेवटच्या माणसापर्यंत न्यावा लागतो आणि प्रॉम्प्टरचा शब्द कानानं झेलावा लागतो. कॅमेऱ्यासमोर या दोन्ही सवयी आड येतात. माइक गळ्याखाली चार बोटांवर असतो आणि मागून शब्द देणारं कुणी नसतं. म्हणून संवाद आधी सपाट पाठ करा, भाव न घालता. भावासकट पाठ केलेला संवाद एकाच चालीत बसतो. मग दिग्दर्शकानं 'जरा हळू' म्हटलं की शब्दच अडखळतात.

त्या माइकचंही सांगतो. लॅपल, म्हणजे कपड्याला लावायचा छोटा माइक, ब्लाउजच्या काठाशी लपवतात आणि ट्रान्समीटर कमरेला असतो. कांजी केलेल्या सुती साडीचा पदर त्यावर घासला की खरखर येते. मंगळसूत्राचे मणी आपटले की टकटक येते. काचेच्या बांगड्या तर अख्खा टेक घालवतात. तालीम त्याच साडीत, त्याच दागिन्यांत करा. खरखर आली तर साउंडवाल्यांना टेप लावून घ्यायला सांगा, स्वतः ओढाताण करू नका. आणि कुठल्या शब्दावर कप उचलला, कुठल्या हातानं उचलला, हे लक्षात ठेवा. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे अख्खा प्रसंग दिसतो त्या शॉटमध्ये, उजवा आणि क्लोजअपमध्ये डावा हात आला, तर एडिटरला तुमचा चांगला टेकही टाकून द्यावा लागतो.

दुसऱ्या भाषेतलं डबिंग हे वेगळंच कसब आहे. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात आणि प्रेक्षकाचा डोळा नेमकं तेच पकडतो. 'आई!' अशी हाक घ्या. ओठ उघडेच राहतात. हिंदीत तिथे 'माँ!' आलं की ओठ मिटायला हवेत, आणि पडद्यावर ते मिटत नाहीत. आवाजात कितीही जीव ओता, हाक खोटी वाटते. दोन भाषांत चित्रपट होणार हे ठरलेलं असेल तर अशा जागा वाचनाच्या वेळीच खुणा करून ठेवा आणि दिग्दर्शकाला दाखवा. मग तो शॉट दोन्ही भाषांत वेगवेगळा घेता येतो किंवा हाक पाठमोरी घेता येते. शूटिंग संपल्यावर हाती काहीच राहत नाही.

म्हणून करार करताना फक्त मानधनाचा आकडा पाहून सही करू नका. शूटिंगचे दिवस किती, शिफ्ट किती तासांची, डबिंगचे दिवस त्यातच की वेगळे, मुंबई-पुण्याला जायचा-राहायचा खर्च कुणाचा, हे सगळं लेखी हवं. मानधनातून दहा टक्के टीडीएस कापला तर त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या, विवरणपत्र भरताना ते लागतं. आणि एक कलम नक्की घाला: या भूमिकेला आवाज माझाच राहील, दुसऱ्या भाषेत डबिंग झालं तर पहिली विचारणा मला होईल. हे कलम नसेल तर चेहरा तुमचा आणि आवाज भलत्याच बाईचा, असा चित्रपट तुम्हाला थेट थिएटरातच पाहायला मिळेल.