मिशिगनच्या दुधात मोजायचं राहिलेलं

मंडळी, 1973 च्या शेवटी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात फ्रेडरिक हॅल्बर्ट नावाच्या शेतकऱ्याच्या गायींनी आंबोण खाणं कमी केलं. दूध आटलं, खुर वेडेवाकडे वाढू लागले, गाभ टिकेनात. हॅल्बर्ट शिक्षणाने रसायन अभियंता होता, म्हणून त्याने पशुखाद्याचा पिच्छा सोडला नाही. एका प्रयोगशाळेकडून दुसरीकडे नमुने पाठवत राहिला. 1974 च्या वसंतात उत्तर मिळालं. मिशिगन केमिकल ही एकच कंपनी दोन वस्तू बनवत होती: गुरांच्या खाद्यात घालायचं मॅग्नेशियम ऑक्साइड, नाव न्यूट्रिमास्टर, आणि प्लास्टिकने पेट घेऊ नये म्हणून त्यात मिसळायचं पीबीबी, म्हणजे पॉलिब्रोमिनेटेड बायफेनिल, नाव फायरमास्टर. पोत्यांची अदलाबदल झाली होती. हे कळेपर्यंत कित्येक महिने राज्यभर लोकांनी ते दूध प्यायलं होतं, ते मांस, ती अंडी खाल्ली होती. पुढे सुमारे 30 हजार गुरं आणि 15 लाख कोंबड्या मारून पुराव्या लागल्या.

आता माझा मुद्दा. दुधात किती पीबीबी चालेल? मे 1974 मध्ये मर्यादा ठरली, दुधाच्या स्निग्धांशात दहा लाख भागांत 1 भाग. नोव्हेंबरात ती 0.3 वर आली. सहा महिन्यांत माणसाचं शरीर बदललं नव्हतं. उपकरणं जास्त बारीक मोजू लागली होती. यंत्राला जे खात्रीने दिसतं तिथे मर्यादेची रेघ ओढली गेली, आणि रेघेखालचं सगळं लोकांनी सुरक्षित मानलं. याची मला आजही चीड येते.

शिवाय पीबीबी चरबीत मुरतं. शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला ढोबळमानाने 12 वर्षं लागतात. हिशेब करा: 1973 चं 1985 मध्ये निम्मं, 1997 मध्ये पाव, 2009 मध्ये दोन आणे. बाधित कुटुंबांची नोंदवही तेव्हा सुरू झाली, ती आजही चालू आहे, आणि त्यातूनच एक गोष्ट कळली. ज्या आयांच्या रक्तात पीबीबी जास्त होतं आणि ज्यांनी मुलींना अंगावर पाजलं, त्या मुलींना पाळी लवकर आली. या मुलींनी गायींचं ते दूषित दूध कधी प्यायलंही नसेल. पहिल्या वर्षी डॉक्टरांनी प्रौढांना तपासून यातलं काय ओळखलं असतं?

पीबीबी थांबलं, पण त्याचं भावंड पीबीडीई सोफ्यांच्या फोममध्ये आणि टीव्हीच्या खोक्यात घराघरांत पोहोचलं. ते प्लास्टिकला रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, नुसतं मिसळलेलं असतं. हळूहळू सुटतं आणि धुळीत बसतं. म्हणून रांगणाऱ्या बाळाच्या पोटात वजनाच्या मानाने ते मोठ्यांपेक्षा जास्त जातं. स्वीडनमध्ये जपून ठेवलेले आईच्या दुधाचे नमुने तपासले, तेव्हा 1972 ते 1997 या काळात दर पाच वर्षांनी पीबीडीईचं प्रमाण दुप्पट होत गेलेलं दिसलं.

मर्यादा कशी काढतात तेही सांगतो. दहा दिवसांच्या उंदराच्या पिलांना बीडीई-47 या पीबीडीईच्याच एका प्रकाराची एकच मात्रा दिली. मोठेपणी त्यांची वागणूक बिघडलेली आढळली. तेवढ्यावरून, परिणाम दिसू लागण्याच्या बेताची म्हणून काढलेली किलोमागे 0.35 मिलिग्रॅमची मात्रा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2008 मध्ये 3000 ने भागली. उंदीर आणि माणूस यांतला फरक, माणसामाणसांतला फरक, आणि अपुरी माहिती, या सगळ्यांची ती भरपाई. उत्तर आलं दिवसाला किलोमागे सुमारे 0.1 मायक्रोग्रॅम, दहा किलोच्या बाळाला एक मायक्रोग्रॅम. काहींना 3000 हा अतिरेक वाटतो. मिशिगननंतर मला तो वाटत नाही. पण हा हिशेब एकेका रसायनाचा आहे, आणि बाळाच्या मुठीतल्या धुळीत ती एकत्र असतात.

आपल्याकडे ई-कचऱ्याच्या नियमांनी नव्या उपकरणांत पीबीबी आणि पीबीडीईला 0.1 टक्क्याची मर्यादा घातली आहे. नियम चांगला आहे. पण जुन्या टीव्हीचं काळं प्लास्टिक भंगारात जातं, वितळतं, आणि त्यातून पुन्हा वस्तू होतात. अशा काळ्या प्लास्टिकच्या खेळण्यांत ही रसायनं सापडलेली आहेत. ते खेळणं बाळ तोंडात घालतं, आणि विजेच्या उपकरणांसाठीचा तो नियम साध्या प्लास्टिकच्या खेळण्याला लागू होत नाही.