उधळपट्टी, अपव्यय आणि हौस

नमस्कार मंडळी.

पैसा वाया गेला असं वाटलं की आपण पटकन 'उधळपट्टी' म्हणून मोकळे होतो. खरं तर हा शब्द खर्च करणाऱ्याच्या स्वभावावर बोट ठेवतो. उधळणं म्हणजे मूठभर घेऊन वर फेकणं. कुठे पडेल याची फिकीर नाही. याच क्रियापदाची 'उधळण' मात्र आनंदाची होते: रंगांची, सुरांची, कौतुकाची. मागे 'पट्टी' लागली की तोच मोकळा हात दोषी ठरतो.

'अपव्यय' माणसाच्या स्वभावात शिरत नाही. काय खर्ची पडलं आणि त्यातून काय हाती लागलं, एवढंच तो बघतो. म्हणून तो पाण्याचा, विजेचा, श्रमांचाही होतो. अगदी चिक्कू माणसाच्या हातूनही होतो. स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली आणि कधीच न वापरलेली वस्तू आठवून पाहा.

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो 'अनाठायी'. ठाय म्हणजे जागा. रक्कम लहान असो की मोठी, ती भलत्या जागी पडली, एवढंच हा शब्द सांगतो. कुठल्याही संस्थेच्या जमाखर्चावर बोलताना हाच वापरावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. त्याने चर्चा त्या बाबीपुरती राहते, खजिनदाराच्या सचोटीवर घसरत नाही. 'उधळपट्टी' म्हटलं की माणसं दुखावतात आणि हिशेब बाजूला पडतो.

नासाडी वस्तूची होते, बडेजाव लोकांनी बघावा म्हणून असतो. त्यांत फारसा गोंधळ नाही.

गोंधळ होतो तो चैन आणि हौस यांत. चैन सुखासाठी, ती परवडते की नाही, यावर तिचा दोष ठरतो. हौस ही मनाची ओढ. हौसेला मोल नाही, असं आपण म्हणतोच. एखाद्या मुलीने पै पै साठवून आवडीचं वाद्य घेतलं, तर तिला 'उधळी' म्हणणं हा अन्याय आहे. अशा वेळी घरातल्या मोठ्यांनी शब्द जपून वापरावा.

आणि एक जुना शब्द. 'व्यय'चा मराठीत 'वेच' झाला. तुकाराम महाराज म्हणतात, 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी'. इथला 'उदास' म्हणजे खिन्न नव्हे, अनासक्त. पैशाच्या बोलण्यातून हा वेच आता जवळजवळ गेला, पण 'आयुष्य वेचलं' यात तो टिकून आहे. तिथेही सगळंच खर्ची पडलेलं असतं, आणि तरी त्याला अपव्यय म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.